‘ओहाला’ म्हणजे ‘देव करो’ का?

पाटीपेन्सिल : मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. प्रत्येक बॅचची गाडी ‘ओहाला’ या मनातली इच्छा बोलून दाखवणाऱ्या शब्दापाशी अडते. परवा एका मुलीने वहीत लिहिलं, ‘ओहाला ब्येने’. ब्येने म्हणजे ‘तो येतो’. तिच्या डोक्यात इंग्रजीतलं ‘होपफुली’ होतं, ते कुठल्याही साध्या वाक्याला चिकटतं. ओहालाला मात्र क्रियापदाचं वेगळं रूप लागतं: ‘ओहाला बेंगा’. मी फळ्यावर शेजारी ‘येवो’ लिहिलं आणि तिने आपणहून ब्येने खोडलं. पडो, येवो, मिळो ही रूपं घरात असताना इंग्रजीच्या दारातून का जायचं? ‘देव करो’ हा सांगितला जाणारा अर्थही मला पटत नाही. देव न मानणारा माणूसही बस यावी म्हणून ओहाला म्हणतो.

जुनी_पोथी : शब्दातच देव बसलाय हो! स्पेनमध्ये आठव्या शतकापासून 1492 पर्यंत कुठे ना कुठे मुस्लिम राज्य होतं. तिथल्या अरबीतल्या ‘लौ शा अल्लाह’, म्हणजे देवाच्या मनात असेल तर, यातून हा शब्द आला. देव काढलात तर उरलं काय?

पाटीपेन्सिल : जन्मकथा मी वर्गात सांगतेच. पण हा ‘लौ’ म्हणजे इन्शाअल्लातला ‘इन’ नव्हे. अरबीत ‘इन’ घडू शकणाऱ्या गोष्टीला लागतो, ‘लौ’ सहसा न घडणाऱ्या. ओहालाही दोन्हीकडे चालतो. ‘ओहाला बिनिएरा’, आला तर किती बरं, पण आशा कमी. ‘ओहाला उबिएरा बेनिदो’, आला असता तर! ह्या हळहळीत ‘देव करो’ कुठे बसवणार?

बोलीभाषा : मग तुमचं ‘येवो’ तरी तिथे कुठे बसतं? आणि येवो म्हणतं कोण? शुभेच्छापत्रं आणि ‘मृतात्म्यास शांती लाभो’. माझी आई बसस्टॉपवर ‘येऊ दे गं बाई एकदाची’ म्हणते. ओहाला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, त्याला पुस्तकी मराठी नेसवू नका.

पाटीपेन्सिल : हळहळीचा मुद्दा मान्य. तिथे मी ‘आला असता तर’ असंच शिकवते. पण ‘येऊ दे’ने घोटाळा होतो. मुलं त्याचं ‘देहा के बेंगा’ करतात, म्हणजे ‘त्याला येऊ दे, अडवू नकोस’. हे मी उत्तरपत्रिकांत कितीदा तरी लाल शाईने खोडलंय. म्हणून शिकताना येवो, बोलताना तुमच्या आईचं.

फोंड्याचो : आमच्याकडे पोर्तुगीज शिकणाऱ्यांना हाच शब्द ‘ओशाला’ म्हणून भेटतो. पण तो एकटा आला तर काय कराल? ‘तू पास होणार बघ.’ ‘ओहाला!’ इथे क्रियापदच नाही. मी म्हणेन, ‘तुझ्या तोंडात साखर पडो!’ त्यात तुमचं ‘पडो’ही आहे, आणि हे पत्रिकेतलं नाही, स्वयंपाकघरातलं आहे.

जुनी_पोथी : वा! आणि ही साखर म्हणजे आपली शर्करा. तीच फारसी-अरबीतून स्पेनला जाऊन ‘आसुकार’ झाली, ओहालासारखीच अरबांच्या बोटाला धरून. तरी माझा ‘देव करो’ कायम. माझी आजी रोज म्हणायची, आणि त्यात येवो, पडो सगळं मावायचं.

बोलीभाषा : साखर चालेल. ‘येवो’वर माझा आक्षेप आहेच.

पाटीपेन्सिल : उद्याच्या वर्गात आधी साखर लिहिते, मग येवो.