एरियलला ‘चोरीचा फॉन्ट’ म्हणणं थांबवा

जुळारी: काल पुन्हा वाचलं, ‘एरियल हा फॉन्ट म्हणजे हेल्वेटिका या आधीच्या फॉन्टची चोरी’. साफ चूक. १९८२ मध्ये मोनोटाइप या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीच्या रॉबिन निकोलस आणि पॅट्रिशिया सॉन्डर्स यांनी आयबीएमच्या लेझर प्रिंटरसाठी ही अक्षरं काढली. घडण घेतली मोनोटाइपच्याच ग्रोटेस्क या जुन्या फॉन्टवरून. कॅपिटल ‘आर’ मोठा करून बघा. हेल्वेटिकात त्याचा पाय वळून सरळ खाली उतरतो, एरियलमध्ये तिरका जातो. स्मॉल ‘टी’चा शेंडा तिकडे सपाट, इकडे तिरपा कापलेला.

अक्षरवेडी: पाय, शेंडे मान्य. रुंदीचं काय? एरियलचं प्रत्येक अक्षर हेल्वेटिकातल्या त्याच अक्षराएवढीच जागा घेतं. हेल्वेटिका नसेल तिथे हा बसवावा आणि ओळी हलू नयेत, म्हणूनच ना? स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळच्या हास फाउंड्रीत, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यात, हॉफमन आणि मीडिंगर यांनी १९५७ मध्ये घडवलेल्या हेल्वेटिकाची ही पुण्याई. दुसऱ्याच्या मापाने कपडा शिवायचा आणि वर कापड आमचं म्हणायचं!

जुळारी: कापड खरंच वेगळं आहे, तेच तर सांगतोय. आणि हॉफमननी तरी अॅक्झिडेन्झ ग्रोटेस्क ही बर्लिनची आधीची अक्षरं समोर ठेवूनच काम केलं. त्यांना कुणी चोर म्हणत नाही.

कोपऱ्यावरचा डीटीपीवाला: या सारख्या मापांपायी माझी पाचशे व्हिजिटिंग कार्डं रद्दीत गेलीत. फाइल हेल्वेटिकात होती. प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, एरियल बसला. ओळी जिथल्या तिथे, त्यामुळे प्रूफ बघताना मलाही कळलं नाही. गिऱ्हाइकाने डबीतून कार्ड काढलं आणि आडनावातल्या ‘आर’वरच बोट ठेवलं. तेव्हापासून कर्व्ह केल्याशिवाय, म्हणजे फॉन्ट लागूच नये म्हणून अक्षरांच्या आकृत्या केल्याशिवाय, फाइल पाठवत नाही.

अक्षरवेडी: बघा, गिऱ्हाइकाला फरक कळतो.

जुळारी: कळतो, म्हणजेच ती नक्कल नाही! १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर एरियल आला आणि फॉन्ट विकत घेणं ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्या हातीही स्वच्छ अक्षर पडलं. एकाच्या जागी दुसरा फॉन्ट बसणं हे पाप नव्हे. एरियलमध्ये देवनागरी नाही. तो निवडून मराठी टाइप केलं की वर्षानुवर्षं पडद्यावर र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल हा देवनागरी फॉन्टच उमटायचा. मंगलला कुणी नावं ठेवली?

अक्षरवेडी: मंगल एरियलच्या मापावर बेतलेला नव्हता. ‘चोरी’ हा शब्द मी मागे घेते. पण एरियलची गोष्ट सांगताना हेल्वेटिकाचं नाव पहिल्या ओळीत यायला हवं. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये या मापांबद्दल एक अक्षर नव्हतं.