देव्हाऱ्यातल्या शिवराया, हिरवी भुकटी आणि विकायला आलेला एक होन : सल्ला हवा

पोफळीचं_आगर

नमस्कार मंडळी. मुक्काम गुहागर तालुका. घरातली मिळून 31 जुनी नाणी एकत्र केली आहेत. 22 तांब्याच्या शिवराया, त्यातल्या चार देव्हाऱ्यातल्या, तेल-कुंकवाने माखलेल्या. सहा नाण्यांवर तराजू आहे. चांदीची एक दुमडलेली तार आहे, तिच्यावर फारसीसारखी अक्षरं दिसतात. उरलेली दोन आगरात आळं खणताना मिळाली, ती मातीच्या गोळ्यासारखी आहेत, काहीच वाचता येत नाही.

पाच शिवरायांवर फिकट हिरवी भुकटी धरते. पुसली तरी पावसाळी हवेत पुन्हा येते. घरचे म्हणतात, आमसुलाच्या पाण्यात टाक आणि राखेने घास. करावं का?

दुसरं म्हणजे एका विक्रेत्याने शिवकालीन सोन्याचा होन दाखवला आहे. वजन 2.41 ग्रॅम, दोन्ही बाजूंची अक्षरं आणि ठिपक्यांचं वर्तुळ पूर्ण आहे. सोबत प्रमाणपत्र देतो म्हणतो. खरा कसा ओळखायचा?

जांभा

आमसूल, चिंच, लिंबू, तांब्याची भांडी घासायची पावडर, राख, रांगोळी यातलं काहीही नको. आंबटाने जंगाल (तांब्यावर चढलेला हिरवा थर) जातं, पण त्याबरोबर अक्षरांना धरून बसलेला तपकिरी थरही विरघळतो. बऱ्याच नाण्यांवर मूळ ठशाचे बारकावे त्या थरातच उरलेले असतात, खालच्या धातूत नसतात. मग हातात राहतं ते गुलाबी, बोथट नाणं. ते दोन पावसाळ्यांत पुन्हा काळं पडतं आणि संग्राहकांच्या लेखी त्याची किंमत निम्म्याच्याही खाली येते. तो थर परत आणता येत नाही.

आधी नाण्यांची ओळख. तराजूवाली सहा बाजूला काढा. ती मुंबई इलाख्यासाठी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत यंत्रावर पाडलेली कंपनी सरकारची नाणी असावीत. तराजूच्या पारड्यांमध्ये फारसीत ‘अदल’ (न्याय) आणि 1791, 1794 किंवा 1804 असं साल शोधा. हातोड्याने ठोकून पाडलेल्या नाण्यांना लागणारी पारख त्यांना लावू नका.

शिवरायांवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. जाडजूड, 11 ते 13 ग्रॅमची, ठिपक्यांच्या वर्तुळाची आणि सुबक अक्षरांची असतील तर जुन्या काळातली असण्याची शक्यता जास्त. ओळींच्या मध्ये दोन आडव्या दांड्या असतील तर ती दुदांडी, पेशवाईतली नंतरची. ‘शव’, ‘सिव’, ‘पती’ असले फरक पाहून खोटं समजू नका. ठसे कोरणारे अनेक होते आणि शिवराई इंग्रजी अमलातही बाजारात चालत होती. प्रत्येक नाण्याचं वजन 0.01 ग्रॅमच्या काट्यावर घेऊन, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढून ठेवा. साफसफाई त्यानंतर.

दुमडलेली तार म्हणजे लारी. बहुधा विजापूरच्या आदिलशाहीत, अली आदिलशाहाच्या नावाने पाडलेली, दाभोळ बंदराच्या व्यापाराशी जोडलेली. वजन 4.8 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. तिच्यावर छिन्नीचे घाव दिसले तर घाबरू नका, आतपर्यंत चांदी आहे का हे पाहायला व्यापारी तसे घाव घालत. ती सरळ करायला मात्र जाऊ नका. इतकी वर्षं खारट हवेत राहिलेली चांदी ठिसूळ होते आणि बाकावरच मोडते. डिस्टिल्ड पाणी, मग ॲसिटोन, एवढंच पुरे. काळा थर राहू द्या. जांभळट राखाडी, मेणासारखा थर असेल तर ते चांदीचं क्लोराइड, नखानेसुद्धा उकरू नका.

देव्हाऱ्यातल्या चार शिवरायांचं काम सोपं आहे. त्यांच्यावर हळद-कुंकू, तेल, तूप आणि काजळी आहे. काचेच्या झाकणाच्या बरणीत ॲसिटोन घ्या, नाणं पूर्ण बुडेल इतकं, आणि दिवा-निखारा लांब ठेवून रात्रभर राहू द्या. हळदीचा पिवळा रंग उतरलेला दिसेल. मऊ ब्रशने पुसा, ॲसिटोन बदला, पुन्हा. चुन्यासारखं जे उरेल ते डिस्टिल्ड पाण्यात फुगवून काट्याने काढा. काटा करवंदीचा उत्तम. तांब्यावर ओरखडा न उठवता कुंकवाचा पापुद्रा उचलण्याइतका तो कडक असतो. टाचणी आणि दाभण नको. 10 पट भिंगाखाली काम करा, काट्याचं टोक आडवं धरा, अक्षराकडून मैदानाकडे, म्हणजे अक्षरांभोवतीच्या सपाट भागाकडे ढकला. ‘श्री’च्या वेलांटीत अडकलेलं कुंकू निघता निघत नाही, तिथे ओला कापूस तासभर ठेवून मग हात लावायचा. आणि यापुढे पंचामृताचा अभिषेक या नाण्यांना नको. दह्याचं आम्ल आणि कोंदटपणा दोन्ही त्यांना खातात. पूजेला वेगळं नाणं ठेवा.

आता हिरव्या भुकटीकडे. गडद हिरवा, टणक, काट्याने न निघणारा थर असेल तर ते स्थिर जंगाल, हात लावू नका. फिकट, भुसभुशीत आणि पुसल्यावर परत येणारी भुकटी असेल तर आतमध्ये क्लोराइड आहे. तांब्याचं क्लोराइड ओलावा आणि हवा लागली की हिरवी भुकटी बनवतं, त्यात आम्ल तयार होतं आणि ते आणखी तांबं खातं. चक्र थांबत नाही. किनाऱ्यावरच्या घरात हे मीठ हवेतून येतंच, आणि मातीतल्या नाण्यात तर मुरलेलं असतं. शंका असलेलं नाणं ओल्या कापसाबरोबर बंद डबीत 24 तास ठेवा, कापूस नाण्याला चिकटू देऊ नका. नवे फिकट ठिपके आले तर रोग चालू आहे.

अशी नाणी बाकीच्यांपासून वेगळी करा. भुकटी काट्याने खरवडा. मग काचेच्या बरणीत डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी पहिल्या आठवड्यात रोज, पुढे तीन-चार दिवसांनी बदला. काही नाण्यांना महिनेही लागतात. विहिरीचं किंवा नळाचं पाणी चालणार नाही, किनाऱ्यालगतच्या विहिरीत स्वतःच मीठ असतं. हट्टी नाण्यांना 5 टक्के सोडियम सेस्क्विकार्बोनेट: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात निर्जल सोडियम कार्बोनेट 23 ग्रॅम आणि खाण्याचा सोडा 19 ग्रॅम. पाणी निळसर झालं तर तांबं विरघळायला लागलंय, नाणं बाहेर काढा. बदललेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पाहायचे. गढूळ झालं तर क्लोराइड अजून येतंय.

चिपळूणची_प्रयोगशाळा

जांभा, शेवटच्या वाक्यात एक दुरुस्ती करायलाच हवी, नाहीतर लोक उगाच महिनोन्‌महिने नाणी भिजवत बसतील. सोड्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की क्लोराइड नसलं तरी गढूळ होतंच, कारण कार्बोनेटसुद्धा साका बनवतं. आधी नायट्रिक आम्लाने फसफस थांबेपर्यंत आम्लधर्मी करावं लागतं. घरी ते करू नका. सोड्यातून नाणं काढून तीन वेळा डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग ताज्या डिस्टिल्ड पाण्यात 24 तास ठेवा आणि त्या पाण्याची चाचणी घ्या. शेजारी नाणं न घातलेल्या त्याच बाटलीतल्या पाण्याची नळी ठेवा, म्हणजे तुलना करता येईल. सिल्व्हर नायट्रेटने कातडी काळी पडते, हातमोजे घाला.

क्लोराइड निघालं की नाणं ॲसिटोनमध्ये बुडवून पाणी काढा आणि ॲसिटोन पूर्ण उडून गेल्यावर विजेच्या दिव्याच्या उबेत सुकवा. मग तांब्याला गंजापासून वाचवणारं बेंझोट्रायझोल, 3 ग्रॅम 100 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, 24 तास. हे रसायन विषारी आहे. नायट्राइल मोजे, उघडी खिडकी, आणि उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. बाहेर काढल्यावर पांढरे स्फटिक दिसले तर अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. वर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात. हे सगळं क्लोराइड आत असताना केलं तर मेणाखालून भुकटी फुटते, म्हणून घाई नको.

मातीच्या गोळ्यासारखी दोन आहेत त्यांना वरचं काहीच करू नका. जांभ्याची लाल माती आणि जंगाल एकजीव झालेलं असतं. आत धातू किती उरला आहे ते बाहेरून कळत नाही, पाण्यात टाकल्यावर थर सुटून आल्याची आणि आतून काहीच न निघाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. ती सुकी, आहेत तशी ठेवा.

टंच_बघणारा

होनाबद्दल. घेऊ नका, निदान पुढच्या तपासण्या झाल्याशिवाय नाही.

शिवराई होनाचं वजन साधारण 2.8 ग्रॅम. सोनं वापराने झिजतं खरं, पण 0.4 ग्रॅम झिजलं असतं तर अक्षरं आणि ठिपके पूर्ण कसे राहिले? वजन कमी आणि उठाव भरपूर, हे दोन्ही एकत्र जमत नाही. शिवाय ठसा बहुतेक वेळा सोन्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे अस्सल नाण्यावर वर्तुळाचा आणि अक्षरांचा काही भाग चकतीबाहेर गेलेला असतो. दोन्ही बाजूंना सगळं मधोमध नीट बसलेलं दिसलं की सावध व्हावं.

कड भिंगाखाली फिरवून पाहा. ओतीव नाण्याच्या कडेला साच्याची शिवण किंवा ती घासल्याच्या कानशीच्या रेघा दिसतात. मैदानात गोल, गुळगुळीत बारीक खड्डे म्हणजे हवेचे बुडबुडे. हातोड्याच्या नाण्यात अक्षराचा पायथा धारदार असतो, धातू ठशात सरकल्याच्या रेषा अक्षराजवळ दिसतात आणि कडेला ठोक्याने फुटलेल्या चिरा असतात. ओतलेल्यात अक्षर साबणासारखं विरघळलेलं दिसतं. त्याच विक्रेत्याच्या दुसऱ्या नाण्यावर त्याच जागी तोच खड्डा दिसला तर प्रश्नच मिटला.

घनता काढायची असेल तर काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका. नाण्याच्या वजनाला काट्यावर येईल त्या आकड्याने भागा. 9.86 ग्रॅमची शिवराई 1.11 दाखवत असेल तर घनता 8.88, तांब्याला बरोबर. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर बुडबुडे चिकटतात. जंगाल चढलेल्या अस्सल नाण्याची घनता कमी भरते, म्हणून 8.5 आलं म्हणून नाणं फेकू नका. होनाला मात्र 0.01 चा काटा उपयोगाचा नाही. 2.8 ग्रॅम सोनं 0.16 च्या आसपास दाखवणार. 0.15 वाचलं तर 18.7, 0.17 वाचलं तर 16.5, म्हणजे काहीच ठरलं नाही. 0.001 चा काटा लागतो. सराफाकडे कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. टंच (सोन्याची शुद्धता) काढायचं, क्ष-किरणांवर चालणारं एक्सआरएफ यंत्र चालेल, पण ते पृष्ठभागच वाचतं, जाड मुलामा असला तर फसतं. आणि सोनं शुद्ध निघालं म्हणून होन खरा होत नाही, आजचं सोनं ओतूनही होन बनवतात. प्रमाणपत्र कोणी दिलं, त्यात फोटो आणि वजन आहे का, ते दोन्ही हातातल्या नाण्याशी जुळतं का, हे विचारा.

साध्या शिवरायांची नक्कल करण्यात फायदा नसतो, तिथे लबाडी वेगळी असते. झिजलेल्या अक्षराला छिन्नीने कोरून दुर्मीळ प्रकार बनवतात. अक्षराच्या भोवतीच मैदान खोल आणि चकचकीत दिसलं तर तेच. हिरवा रंग लावून जुनं केलेलं नाणं ॲसिटोनमध्ये दहा मिनिटं ठेवा, बोळ्यावर रंग उतरतो.

पोफळीचं_आगर

खूप आभार. होन नाकारतो. पाच शिवराया आजच वेगळ्या केल्या. आळ्यातल्या दोन नाण्यांचं नक्की काय करायचं? आणि आगरात अजून खणून पाहू का?

जांभा

खणू नका. जमिनीत दडलेली दहा रुपयांवरची कोणतीही वस्तू 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यात येते, जागा तुमची असली तरी. जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं, व्यवहारात तहसील कार्यालयातून सुरुवात करता येते. कुठे, किती खोलीवर, कोणत्या तारखेला मिळाली ते आत्ताच लिहून ठेवा. शेजारी खापरं, विटा होत्या का तेही. त्या नोंदीवरूनच अभ्यासकाला नाण्याच्या वापराचा काळ लावता येतो. शंभर वर्षांवरचं नाणं परदेशी पाठवायला 1972 च्या पुरावशेष कायद्याने बंदी आहे, तेवढं विक्रीच्या वेळी ध्यानात असू द्या.

ठेवणीबद्दल कोणी बोललं नाही. पीव्हीसीचे मऊ पारदर्शक अल्बम फेकून द्या, त्यातून तांब्यावर चिकट हिरवा थर येतो. मायलरचं (पॉलिएस्टरच्या पारदर्शक कागदाचं) पाकीट किंवा आम्लरहित कागद वापरा, लाकडी पेटी नको. रबरी झाकणाचा हवाबंद डबा, आत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणि नारंगी सिलिका जेल. पाच लिटरच्या डब्याला 200 ग्रॅम पुरेसं. आर्द्रता 40 टक्क्यांखाली राहिली की हिरवी भुकटी जवळजवळ थांबते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेर ती 85 च्या वर असते, त्यामुळे डबा उघडायचा तो नोव्हेंबरनंतर. जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंशांवर दोन तास, थंड होऊ द्यायचं ते झाकणबंद बरणीत.