सूर्यफुलाच्या दहा कोटी बिया: मातीतला निषेध की विकत घेतलेले श्रम?

धागाकर्ता: लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयातील भव्य टर्बाइन हॉलमध्ये २०१० साली चिनी कलाकार आय वेईवेई यांनी चिनी मातीच्या सुमारे दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया अंथरल्या होत्या. चीनमधील सांस्कृतिक क्रांतीच्या प्रचारचित्रांत माओ हा सूर्य आणि जनता म्हणजे त्याच्याकडे तोंड वळवलेली सूर्यफुले असत, आणि हे शिल्प त्याच प्रतिमेला दिलेले उत्तर होते, कारण लांबून एकसारखा करडा दिसणारा तो थर हातात घेतला की प्रत्येक बी वेगळी रंगवलेली आढळे. ब्राँझमध्ये हे साधले नसते, असे माझे मत आहे. सिरॅमिक शिल्पाला अजूनही शोभेच्या कपाटात बसवणाऱ्यांनी यावर बोलावे.

प्रतिसाद १: बोलतो, पण विरोधात. त्या बिया चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिंगदेझेन या चिनी शहरातल्या सोळाशेहून अधिक कारागिरांनी तयार केल्या, आणि एकेका बीवर ब्रशाचे तीन-चार फटकारे असत. निनावी श्रमांवर भाष्य करायचे आणि तेच श्रम घाऊक भावाने वापरायचे, हे मला पटत नाही. शिवाय पायांखाली उडणारी धूळ घातक ठरेल म्हणून काही दिवसांतच प्रेक्षकांना बियांवर चालण्यास मनाई झाली. मग ज्यांनी त्या घडवल्या त्यांच्या फुप्फुसांचे काय?

प्रतिसाद २: मी स्वतः मातीकाम करते. धुळीचा मुद्दा रास्त आहे. आमच्या स्टुडिओत कोरडा झाडू फिरवत नाहीत, फरशी ओल्या फडक्यानेच पुसतात, कारण मातीतल्या सिलिका या खनिजाचे कण एकदा छातीत गेले की बाहेर येत नाहीत. श्रमांचा आक्षेप मात्र मान्य नाही. कारागिरांचे काम दाखवणारी चित्रफीत टेटमध्ये शिल्पासोबतच दाखवली जात होती, म्हणजे ते लपवलेले नव्हते. एक पेला पुरा होईपर्यंत बहात्तर हातांतून जातो, अशी नोंद १६३७ च्या एका चिनी ग्रंथातही आहे. एकट्याने घडवले तरच कला, ही अट या माध्यमाला बाहेरून लावलेली आहे.

प्रतिसाद १: चित्रफीत दाखवली म्हणून श्रेयाची वाटणी होत नाही. टेटने २०१२ साली त्यांतल्या सुमारे ऐंशी लाख बिया संग्रहासाठी घेतल्या, त्या वेईवेईंच्याच नावावर. याउलट भारतीय कलाकार के. जी. सुब्रमण्यन यांनी १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या सुमारास केलेली टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीची, उठावशिल्पे पाहावीत. त्यांत मातीचे पातळ थर वळवून आणि चिरून पदके मिरवणारे सेनापती उभे केले आहेत, आणि हिंसेवरचा संताप त्या चिरांतच दिसतो. त्यासाठी या बियांसारखा दीडशे टन माल लागला नाही.