कौलं चाळू की पत्रा मारू? मृगाआधी जुनं घर आवरायचंय (बजेट 40 हजार)

पेठेतला_गडी (20 एप्रिल, रात्री 10.40)
कोल्हापुरात शिवाजी पेठेत आजोबांच्या वेळचं घर आहे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, छप्पर साधारण सहा ब्रास (600 चौरस फूट). गेल्या पावसाळ्यात सोप्यात चार ठिकाणी बादल्या लावल्या होत्या. पश्चिमेच्या भिंतीला कमरेएवढी ओल चढली. तिला दहा वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा केलाय, आता बोटानं वाजवला तर पोकळ वाजतो. बजेट 40 हजार, वर एक रुपया नाही. दर रविवारी मी आणि धाकटा भाऊ मिळून करणार. कौलं चाळून घेऊ (म्हणजे काढून, फुटकी बदलून पुन्हा बसवू) की सरळ पत्रा मारू? आणि भिंतीचं काय करू?

अनिवासी_कोल्हापूरकर (रात्री 10.52)
भावा, पाडून स्लॅब टाक. आम्ही 2016 ला टाकला, डोक्याला ताप नाही. मी पुण्यात असतो तरी घर जाग्यावर.

पेठेतला_गडी (रात्री 10.55)
दादा, 40 हजार म्हटलंय.

अनिवासी_कोल्हापूरकर (रात्री 10.57)
कर्ज मिळतं की.

उचगावचा_बाळू (रात्री 11.20)
पत्रा मार, विषय संपला. माझ्या गोठ्यावर सहा वर्षं झाली, थेंब नाही आत. कौलं म्हणजे दरवर्षीचं लफडं. मांजर पळालं, फुटलं. माकड आलं, फुटलं.

गगनबावड्याची_सून (21 एप्रिल, सकाळी 6.15)
बाळूदादा, गोठ्यात म्हशी झोपतात, त्यांना आवाजाचं काय. पाऊस म्हणजे काय ते आमच्या तालुक्याला विचारा. पत्र्याखाली झड लागली की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि आत्ता एप्रिलात दुपारी आत बसून दाखवा. आमच्या सासरी कौलंच आहेत. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पूर्वी गवताच्या झडी (पडदे) बांधायचे, आता ताडपत्री बांधतो. भिंतीला पाणी लागूच द्यायचं नाही, एवढंच त्यातलं गणित.

सुतारमामा (सकाळी 8.30)
तीस वर्षं हेच काम केलंय म्हणून सांगतो. आधी वर चढू नका, आत माळ्यावर जा. दुपारच्या उन्हात अंधार करून बघा, जिथनं उजेडाची रेघ येते तिथं खडूनं वाशावर खूण करा. आता वाशांची टोकं बघा, जी भिंतीत गेलीत ती. स्क्रू ड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय, तिथं बाजूनं नवीन तुकडा नट-बोल्टनं जोडायचा. वासा खचला की कौलांची फट उघडते, मग कौलं बदलून उपयोग नाही.

एका ब्रासला दीडशेच्या आसपास कौलं लागतात, म्हणजे तुमच्या छपरावर नऊशे तरी असतील. त्यातली शंभर-सव्वाशे बदलावी लागतील असं धरा. नवीन आणताना घरातलं एक कौल सोबत न्या. वेगळ्या साच्याचं कौल खाचेत बसत नाही, आणि फट राहते ती राहतेच. विकत घेताना प्रत्येक कौल नाण्यानं वाजवा. टणटण वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर ठेवा खाली. गळती कौलातनं कमी आणि आढ्यावरच्या सांध्यांतनं, पन्हळीतनं जास्त असते, तिथं आधी हात घाला.

आणि स्वतः चढू नका. माणूस लावा.

पत्की_ओव्हरसियर_निवृत्त (सकाळी 11.05)
छप्पर ठीक, भिंतीकडे कुणी बघत नाहीये. मातीच्या भिंतीला सिमेंट ही मूळ चूक. भिंत जमिनीतनं ओल ओढते आणि बाहेरच्या अंगानं वाळते. सिमेंटनं ती वाट बंद झाली की ओल वर चढत जाते, कमरेपर्यंत आली म्हणता ती तशीच. सगळं सिमेंट उतरवा आणि चुन्याचा गिलावा करा, 1 भाग चुना, 3 भाग वाळू, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. जुनी माणसं असंच करायची.

उचगावचा_बाळू (दुपारी 1.10)
गूळ भिंतीला? मुंग्या लागतील की साहेब.

पत्की_ओव्हरसियर_निवृत्त (दुपारी 1.25)
नाही लागत. चुन्यात मुंगी टिकत नाही.

गगनबावड्याची_सून (दुपारी 1.40)
गूळ कुठला पण? पिवळाधमक पावडरीचा घालू नका, काळा घ्या.

उचगावचा_बाळू (दुपारी 1.44)
ताई, भिंत खाणार आहे का तो?

अनिवासी_कोल्हापूरकर (दुपारी 2.30)
2019 च्या महापुरात आमच्या ओळखीत शुक्रवार पेठेत मातीची भिंत बसली. पाणी असताना उभी होती, ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी बसली. म्हणून म्हणतो, स्लॅब.

रंकाळ्याचा_वारा (दुपारी 3.00)
त्याला पुराची भीती नाही हो, पेठ उंचावर आहे. पंचगंगेचं पाणी वाढून 43 फुटाला इशारा लागला की नदीकाठचे लोक याच्याकडे राहायला येतील.

सुतारमामा (दुपारी 3.10)
43 धोका. इशारा 39 ला.

रंकाळ्याचा_वारा (दुपारी 3.12)
तेच ते. गडी, एक सांगतो, आतनं ओल आहे का दमट हवेचं पाणी ते आधी बघ. भिंतीवर वीतभर प्लॅस्टिक चारही बाजूनं चिकटव, एक दिवस ठेव. मागच्या अंगाला पाणी साचलं तर भिंतीतलं, पुढच्या अंगाला तर हवेतलं. मी हे न बघता बाहेरून महागाचा रंग मारला. 18 हजार गेले, ओल तिथंच.

गगनबावड्याची_सून (सायंकाळी 7.20)
आणि जोत्याजवळ माती किंवा रस्ता वर आलाय का? आमच्याकडं गल्लीचा रस्ता दर खेपेला वाढत वाढत उंबऱ्याला लागलाय. भिंतीकडेची माती काढून चर मारा.

पेठेतला_गडी (2 जून, रात्री 9.30)
सगळ्यांना नमस्कार. झालं एकदाचं.

आईनं पत्र्याला साफ नाही म्हटलं, आवाजानं झोप येत नाही म्हणून. त्यामुळं कौलंच. मामा, माफ करा, मीच चढलो. कमरेला दोर बांधला, शिडी कौलांवर आडवी टाकून तिच्यावरनं सरकायचो, सकाळी सहा ते नऊ एवढंच. तीन वासे टोकाला कुजलेले निघाले, ते जोडले. एकशे चाळीस कौलं बदलली, त्यातली बारा मीच पायाखाली फोडली.

प्लॅस्टिकची परीक्षा केली, पाणी मागनंच. सिमेंट छिन्नी-हातोड्यानं उतरवलं, ट्रॉलीभर निघालं. आत भिंत इतकी ओली की बोट रुतत होतं. साहेब, चुना केला नाही. ओल्यावर नको वाटलं, आणि मे अखेरीला वळवानं दोन रविवार खाल्ले. दिवाळीनंतर बघू. चर मारलाय. सध्या भिंतीवर मंडळाचा जुना डिजिटल बोर्ड (फ्लेक्स) टांगलाय, वरनं बांबू, खालनं विटा, भिंत आणि बोर्डात हातभर अंतर. एकूण खर्च 26 हजार.

परवाच्या वळवात एकच बादली लागली. न्हाणीजवळ पन्हळीत अजून कुठंतरी आहे.

पत्की_ओव्हरसियर_निवृत्त (रात्री 9.50)
दिवाळीनंतर कोणी करत नाही, अनुभव आहे. निदान बोर्ड रोज तासभर बाजूला करा, वारा लागू दे.

उचगावचा_बाळू (रात्री 10.05)
बोर्डावर कोण आहे?

पेठेतला_गडी (रात्री 10.08)
वाढदिवसाचा आहे. तोंड गल्लीकडं झालंय, शेजारचे काका रोज विचारतात की हा निवडून कधी आला.