पोलादी गर्डरवर तापमानाचा परिणाम किती होतो?

प्रश्न: विदर्भात हिवाळ्यातील पहाटे 10 अंशांवर असलेला गर्डर उन्हाळी दुपारी 60 अंशांपर्यंत तापतो, असे धरल्यास 61 मीटर गाळ्याच्या (दोन टेकूंमधील अंतराच्या) रेल्वे पुलावर त्याचा नेमका काय परिणाम होईल?

उत्तर 1: पोलादाचा प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.000012 असल्यामुळे 50 अंशांच्या फरकाने हा गर्डर साधारण 37 मिलिमीटर लांबतो. म्हणूनच त्याचे एक टोक स्थिर ठेवून दुसरे रोलरवर सरकते ठेवतात.

उत्तर 2: खरा धोका लांबण्यात नसून अडण्यात आहे. दोन्ही टोके पूर्णपणे जखडली, तर गर्डरमध्ये दर चौरस मिलिमीटरला सुमारे 120 न्यूटन दाब निर्माण होईल. साध्या पोलादाची शरणमर्यादा, म्हणजे ज्यापुढे ते कायमचे विकृत होऊ लागते तो ताण, 250 न्यूटन असते, म्हणजे गाडी येण्यापूर्वीच जवळजवळ निम्मी क्षमता खर्ची पडेल, आणि गाळा लहान असला तरी हा आकडा बदलत नाही. प्रत्यक्षात खांब थोडे वाकतात, त्यामुळे दाब कमी राहतो. मात्र तोच जोर खांबाच्या माथ्यावर आणि अँकर बोल्टवर जातो. गंजलेल्या, धूळ साचलेल्या रोलरची सफाई आणि ग्रीसिंग टाळणे मला म्हणूनच अक्षम्य वाटते.

उत्तर 3: एक भर घालतो. वरचा भाग उन्हात आणि खालचा सावलीत असेल, तर गर्डर वरच्या बाजूला कमानीसारखा वाकतो. साध्या टेकूंवरील गाळ्यात त्याने फारसा ताण येत नाही, परंतु अनेक गाळ्यांवरून अखंड जाणाऱ्या सलग गर्डरमध्ये मधले टेकू ही वक्रता रोखतात आणि अतिरिक्त नमनआघूर्ण (गर्डरला वाकवू पाहणारा जोर) निर्माण होते. शिवाय रोलर बसवताना त्या वेळचे पोलादाचे तापमान मोजून त्यानुसार त्याची जागा ठरवावी लागते.