प्रति: मॉनिटर नीट ओळखला जात नाही
विंडोज मॉनिटर नीट ओळखत नसेल तर ड्रायव्हर (मॉनिटर किंवा ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाका, असं वर दोघांनी सुचवलंय. एकदा करून बघायला हरकत नाही, पण मॉनिटरचं नाव 'जेनेरिक नॉन-पीएनपी' (म्हणजे ओळख न पटलेला मॉनिटर) असं दिसत असेल आणि रिझोल्यूशन १०२४ × ७६८ च्या वर जात नसेल, तर बहुतेक वेळा ड्रायव्हर बिचारा निर्दोष असतो. मॉनिटर आपली ओळख स्वतःच सांगतो. त्याच्या आतल्या छोट्या चिपमध्ये ईडीआयडी नावाची माहिती असते (मूळ भाग जेमतेम १२८ बाइटचा), तीत कंपनी, मॉडेल, चालणारी रिझोल्यूशन्स वगैरे. व्हीजीए केबलमध्ये (१५ पिनांची जुन्या पद्धतीची मॉनिटर केबल) ती वाचायला १२ आणि १५ नंबरच्या पिना आहेत, चित्राचा सिग्नल वेगळ्या तारांतून जातो. म्हणूनच चित्र स्वच्छ दिसतं आणि ओळख मात्र पटत नाही.

माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. दोन संध्याकाळी ड्रायव्हरशी झटापट केली, विंडोज नव्याने टाकायच्या बेतात होतो. शेवटी केबलचं टोक उजेडात धरलं तर १२ नंबरची पिन आडवी झोपलेली! बारीक चिमट्याने सरळ केली, मशीन पुन्हा चालू केलं आणि मॉनिटर नावानिशी हजर. ९ नंबरची पिन दिसली नाही तर घाबरू नका, पुष्कळ केबलींत ती मुळातच नसते. आणि मधे स्प्लिटर (एकच चित्र दोन मॉनिटरना देणारा) किंवा केव्हीएम स्विच (एकाच मॉनिटर-कीबोर्डवर अनेक संगणक चालवणारा) असेल तर आधी तो काढून थेट जोडून बघा, त्यातले काही ही माहिती पुढे पाठवतच नाहीत.