विषय: गणपतीच्या आधी एकदा सीलिंगकडे बघा (स्मोक अलार्म)

प्रेषक: स्प्रिंगफिल्ड लेक्सची ताई

नमस्कार मंडळी,

मेल लांब होणारे, पण कृपया शेवटपर्यंत वाचा, कारण पंधरा दिवसांपूर्वी आमच्याकडे जे झालं ते ब्रिस्बेनमधल्या कुठल्याही घरात होऊ शकतं.

सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्यांना इथली जुलैची थंडी सोसत नाही म्हणून संध्याकाळी खालच्या रंपस रूममध्ये (बसाय-खेळायच्या मोठ्या खोलीत) हीटर लावतो. त्या दिवशी तो बंद करायचा राहिला. हीटर लावलेला पॉवरबोर्डवर (एक्स्टेंशन बोर्डवर), आणि पॉवरबोर्ड कोचाच्या मागे, पडद्याचं टोक त्याच्यावर पडलेलं. रात्री अडीच-पावणेतीनला वरच्या चारही बेडरूममधले अलार्म एकदम कोकलायला लागले. मला आधी वाटलं कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न अडकलाय, मग जिन्यात आले तर जळक्या प्लॅस्टिकचा वास, घसा धरणारा. सासूबाई शाल गुंडाळून दारात उभ्या, त्यांना कळेचना काय वाजतंय, कारण हा आवाज त्यांनी जन्मात ऐकलेला नव्हता आणि आम्ही कधी ऐकवलाही नव्हता. पोरांना उचललं, त्यांना हाताला धरलं आणि सगळे बाहेर लेटरबॉक्सपाशी, तिथून ००० ला (इथला इमर्जन्सी नंबर) फोन. फायरवाले आले, त्यांनी तो बोर्ड उचकटून लॉनवर आणून ठेवला तेव्हा मी नीट पाहिला. पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, खालच्या बाजूला कार्पेटचे धागे चिकटलेले, आणि पडद्याच्या काठाला एक गोल भोक. जाळ असा नव्हताच, नुसतं धुमसत होतं. वर झोपलेल्या माणसाला वास येऊन जाग येईल असं समजू नका, झोपेत नाकाला कळत नाही, आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने गुंगी वाढतच जाते.

आता खरं सांगायचं ते पुढेच आहे. हे अलार्म आम्ही मे महिन्यात बसवले. त्याच्या आधी आठ महिने घरात एकही चालू अलार्म नव्हता. गेल्या वर्षी गणपतीत सकाळपासून मोदकांची उकड, तळण, मग आरतीला कापूर आणि धूप, आणि पॅसेजमधला तो जुना अलार्म ऐन 'घालीन लोटांगण'ला सुरू झाला. कुणीतरी स्टुलावर चढून काढला आणि करंजीचं कातणं आणि रांगोळीचे डबे असतात त्या ड्रॉवरमध्ये टाकला. विसर्जन झालं, दिवाळी झाली, संक्रांत झाली, तो ड्रॉवर मी किती वेळा उघडला असेल, तो दिसायचा आणि मनात यायचं लावायचाय. मेमध्ये काढला तेव्हा मागे तारीख बघितली, २००९ सालचा होता. म्हणजे लावला असता तरी त्याच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता, दहा वर्षं झाली की अलार्म बदलायचाच असतो.

आपण लोगनमध्ये देवळात जातो, किराणा आणतो, तिथेच स्लॅक्स क्रीकला ऑगस्ट २०११ मध्ये एका घराला रात्री आग लागून ११ माणसं गेली, एकाच घरातली, लहान मुलं धरून. घरात चालू असलेला अलार्म नव्हता. क्वीन्सलँडचा आजचा कायदा त्याच्यातून आलेला आहे. तो नव्या घरांना लागू २०१७ पासून, विकायच्या आणि भाड्याच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून, आणि आपण स्वतःच्या घरात राहतो ते सगळे १ जानेवारी २०२७ पासून. प्रत्येक बेडरूममध्ये एक, बेडरूमना जोडणाऱ्या पॅसेजमध्ये एक, प्रत्येक मजल्यावर किमान एक, सगळे एकमेकांना जोडलेले, एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत.

पण तारखेसाठी नका करू मंडळी. आमच्या खालच्या रूममधला अलार्म वरच्यांना जोडलेला नसता तर तो खाली एकटाच वाजत राहिला असता, वरची दारं बंद होती.

ज्यांच्या घरी असा ड्रॉवर आहे त्यांनी आजच उघडा.

---

प्रेषक: कॅलमवेलहून, नवीन सभासद

ताई, वाचून अंगावर काटा आला. सगळे सुखरूप आहात हे महत्त्वाचं, आजींना नमस्कार सांगा.

आम्ही भाड्याच्या युनिटमध्ये आहोत, एजंटकडून वर्षातून एकदा माणूस येऊन अलार्म बघून जातो, सगळ्या बेडरूममध्ये आहेत. पण किचन आणि लाउंज एकच आहे आणि पॅसेजमधला अलार्म गॅसपासून फार तर तीन मीटरवर असेल. रोज मोहरी तडतडली की हा सुरू. बाळ दचकून उठतं, शेजारच्या आजी दार वाजवतात. शेवटी आम्ही त्याला हॉटेलमधली शॉवर कॅप घातली, स्वयंपाक झाला की काढायची असं ठरवून, पण ताई तुमचा मेल वाचून आत्ता वर बघितलं तर कॅप तशीच आहे, कालपासून की परवापासून तेही आठवत नाही. आत्ता काढली. पण मग करायचं काय? फोडणी तर बंद करू शकत नाही.

---

प्रेषक: मिचल्टनहून, इलेक्ट्रिशियन

ताई, आजी आणि मुलं ठीक आहेत ना, आधी ते. पॉवरबोर्डवर हीटर कधीच लावू नका, भिंतीतल्या पॉइंटलाच लावायचा, हे सगळ्यांसाठी. हीटर खूप करंट ओढतो आणि बोर्डाची पकड सैल झालेली असली की तिथेच तापतं.

फोडणीचं मला दर महिन्याला कुणीतरी आपल्यापैकी विचारतंच म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अलार्म दोन जातीचे. जुना असतो तो आयोनायझेशनवाला, त्याच्यात अमेरिशियमचा बारीकसा किरणोत्सर्गी तुकडा असतो, मागच्या बाजूला किरणोत्सर्गाची खूण किंवा तसं लिहिलेलं दिसेल. हा डोळ्याला न दिसणाऱ्या अगदी बारीक कणांना पकडतो, म्हणजे करपलेला टोस्ट, कडक तापलेलं तेल, आपली फोडणी. आणि गंमत नाही पण खेदाची गोष्ट अशी की ताईंकडे झालं तसं धुमसणं पकडायला हाच उशीर करतो. दुसरा फोटोइलेक्ट्रिक, त्याच्या आत उजेडाचा झोत असतो, धुराचे मोठे कण आत आले की उजेड विखुरतो आणि सेन्सरवर पडतो. धुमसणारी गादी, कोच, वायर हे हा लवकर पकडतो आणि फोडणीला पुष्कळ कमी वाजतो. कमी म्हटलंय, अजिबात नाही असं नाही, लाल मिरच्या जाळल्यात किंवा बाथरूमची वाफ सरळ त्याच्यावर गेली तर वाजेल. क्वीन्सलँडच्या कायद्याला फोटोइलेक्ट्रिकच लागतो, आयोनायझेशन चालत नाही.

तेव्हा कॅलमवेल, तुमचा भाड्याचा आहे म्हणजे तो फोटोइलेक्ट्रिक असायला हवा. नसेल तर तो बदलून देणं घरमालकाचं काम आहे. असेल तर जागा चुकलीय, एजंटला फोन नको, ईमेल लिहा, रोज वाजतो म्हणून थोडा सरकवून द्या, लेखी असलं की हालचाल होते. तोवर फोडणी द्यायच्या आधी एक्झॉस्ट सुरू करा, नंतर नाही, आधी, आणि वाजला तर त्याच्यावरचं हश बटण दाबा, थोडा वेळ गप्प बसतो आणि स्वतःच परत चालू होतो. शॉवर कॅप, चिकटपट्टी, बॅटरी काढणं हे भाडेकरूला कायद्याने करता येत नाही, पण कायदा राहू दे, बाळ त्या घरात झोपतं. आणि भाडेकरूनेही वर्षातून एकदा तरी टेस्ट आणि साफसफाई करायची असते, एजंटचा माणूस आला म्हणून आपलं संपत नाही.

आता स्वतःचं घर असलेल्यांसाठी. तुमच्या घरात आधीचा २४० व्होल्टवर, म्हणजे घरातल्या विजेच्या वायरिंगला जोडलेला, असेल तर त्या जागी २४० व्होल्टवालाच लागतो, आणि ते काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियननेच करायचं, यूट्यूब बघून हात घालू नका. बाकीच्या जागी दहा वर्षांची न निघणारी बॅटरी असलेले वायरलेस चालतात, ते स्वतः बसवता येतात. दोन्ही प्रकार एका घरात चालतात, पण एकमेकांशी बोलणारे पाहिजेत. इथेच लोक फसतात. सेलमध्ये दोन एका कंपनीचे आणि चार दुसऱ्या कंपनीचे आणले की ते बहुतेक जुळत नाहीत, प्रत्येकाचा रेडिओ वेगळा. सगळे एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले घ्या, सीलिंगला लावायच्या आधी टेबलावर ठेवून पेअर करा, एकाचं बटण दाबून सगळे वाजतात का बघा, आणि मगच शिडीवर चढा.

जागा: भिंत आणि सीलिंग मिळतात त्या कोपऱ्यापासून किमान ३०० मिमी दूर, कारण कोपऱ्यात हवा अडकते आणि धूर उशिरा पोचतो. दिव्यापासून ३००, एसीच्या झडपेपासून आणि पंख्याच्या पात्यापासून ४०० मिमी. बेडरूमच्या अगदी मधोमध पंखा असतोच आपल्याकडे, त्यामुळे टेप घेऊन मोजा, अंदाजाने नको, मी गेल्या महिन्यात एका घरी पात्याच्या टोकापासून वीतभरावर लावलेला पाहिला.

मध्यरात्री मिनिटभराने एकदा 'टिक' वाजतो ती आगीची खूण नाही, बॅटरी संपत आलीय किंवा अलार्मचं आयुष्य संपलंय. पहाटे का वाजतो तर तेव्हा घर गार होतं आणि दुबळ्या बॅटरीचा व्होल्टेज आणखी पडतो, सकाळी ऊन आलं की गप्प होतो आणि आपण विसरतो. विसरू नका.

---

प्रेषक: इंडुरूपिलीचे काका

ताई आणि दादा, दोघांचेही आभार. माझं वय ७८, दोन्ही कानांना मशीन, रात्री काढून ठेवतो. पत्नी गेल्यापासून एकटाच आहे. आमच्या पॅसेजमध्ये एक अलार्म आहे, परवा टेस्टचं बटण काठीने दाबलं तेव्हा मशीन लावलेलं असूनही लांबून आल्यासारखा ऐकू आला. म्हणजे रात्री मला त्याचा काही उपयोग नाही असंच धरायचं ना? शिवाय मुलाने शिडीवर चढायला मनाई केलीय, आणि ते बरोबरच आहे.

---

प्रेषक: मिचल्टनहून, इलेक्ट्रिशियन

काका, बरं झालं विचारलंत. साधारण अलार्मचा आवाज ३००० हर्ट्झच्या आसपास, चिरका, आणि वय झालं की आधी हेच वरचे सूर जातात. तुमच्यासाठी उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती आणि लखलखणारा दिवा असलेले अलार्म येतात, बाकीच्यांना जोडलेला असा संच बघू. खालच्या सुरात, ५२० हर्ट्झमध्ये वाजणाऱ्यानेही माणसं जास्त जागी होतात असं संशोधनात दिसलंय. लहान मुलांचंही तसंच आहे बरं का मंडळी, पोरं या आवाजात खुशाल झोपून राहतात, आपण उठून त्यांना उठवायचं हे धरूनच चाला.

काका, शिडीला हात लावू नका, या शनिवारी मी येतो.

---

प्रेषक: स्प्रिंगफिल्ड लेक्सची ताई

दादा, काकांच्या इथे मीही येते, डबा घेऊन.

दोनतीन गोष्टी लिहायच्या राहिल्या. परत विसरू नये म्हणून मी टेस्टचा दिवस संकष्टीला बांधलाय. महिन्यातून एकदा येते, आणि चंद्रोदयाची वाट बघत सगळे घरात असतातच. सासूबाई बटण दाबायला सांगतात, धाकटी झाडूच्या दांड्याने दाबते, सगळे वाजले की दोघी मोजतात, सहा झाले पाहिजेत. साफसफाई खंडेनवमीला आणि पाडव्याला. व्हॅक्यूमचा मऊ ब्रश लावून चारी बाजूच्या फटी ओढून घ्यायच्या, इथे बारीक किडे आत जाऊन बसतात आणि त्यानेही उगाच वाजतो. स्प्रे आत मारायचा नाही. रंगकाम काढलंत तर अलार्मवर रंग जाऊ देऊ नका.

भारतातून आईवडील आले की पहिल्या आठवड्यातच त्यांना आवाज ऐकवा. आणि दाखवा की दार कसं उघडतं. आमच्या पुढच्या जाळीच्या दाराला आतून किल्ली लागते आणि ती किल्ली त्या रात्रीपर्यंत किचनमध्ये हुकला असायची, मला ती अंधारात चाचपडून घ्यावी लागली, ते काही सेकंद मी विसरणार नाही. आता रात्री किल्ली कुलपातच असते. सासूबाईंकडून ००० आणि 'फायर' एवढं पाठ करून घेतलंय, कारण फोनवर पहिला प्रश्न पोलीस, फायर की अँब्युलन्स हाच असतो. आणि जमायचं लेटरबॉक्सपाशी, परत आत जायचं नाही, देवघरासाठीही नाही.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात नाही, गॅस बंद, झाकण ठेवा, कढई उचलायची नाही.

गणपतीत मंडळाच्या ज्या घरांमध्ये आरती असेल तिथे धूप खिडकीपाशी ठेवा आणि अलार्म वाजलाच तर हश दाबा, खाली उतरवू नका. ज्यांच्याकडे शिडी नाही किंवा कुणी चढणारं नाही त्यांनी मला या मेलला उत्तर द्या, फक्त सबर्ब आणि बेडरूम किती एवढं लिहा. या शनिवारी आम्ही चौघं निघतोय, दोन शिड्या, एक टेप. फायर डिपार्टमेंटचे लोकही सेफहोम म्हणून मोफत घरी येऊन बघून जातात आणि सल्ला देतात, त्यांच्या वेबसाइटवर नाव घालता येतं. ज्यांना आपल्यापेक्षा त्यांच्याकडून ऐकायला बरं वाटेल त्यांनी तिथे घाला.

आत्तापर्यंत सनीबँक दोन घरं, फॉरेस्ट लेक एक, आणि काका.

---

प्रेषक: कॅलमवेलहून, नवीन सभासद

ताई, एजंटला ईमेल गेला, फोटोसकट. आज एक्झॉस्ट आधी लावला आणि मग आमटीला फोडणी दिली, नाही वाजला. कॅप कचऱ्यात टाकली. शनिवारी आमच्याकडे शिडीची गरज नाही, पण नवऱ्याला सुट्टी आहे, तो तुमच्याबरोबर येईल, त्याला सकाळी किती वाजता कुठे पाठवू ते कळवा.